लहान सेन्सरच्या व्हिडिओ कॅमेऱ्यातील उथळ डेप्थ ऑफ फील्ड

डेप्थ ऑफ फील्ड म्हणजे कॅमेऱ्यापासून मोजलेल्या अंतराचा असा पट्टा, की ज्यातील वस्तू चित्रात रेखीव दिसतात. हा पट्टा अरुंद असल्यास त्याला उथळ आणि रुंद असल्यास खोल डेप्थ ऑफ फील्ड असे म्हणतात. उथळ डेप्थमध्ये मुख्य व्यक्ती वा वस्तू स्पष्ट राहते आणि तिच्या मागचा व पुढचा भाग धूसर होतो. मोठ्या फिल्मवर चित्रित होणाऱ्या चित्रपटांत हा परिणाम पूर्वीपासून परिचित आहे. हँडीकॅम, डीव्ही फितीचे कॅमेरे आणि मोबाइल यांसारख्या लहान सेन्सरच्या साधनांत मात्र तो आपोआप मिळत नाही. भिंग, अंतर आणि उजेड यांची जाणीवपूर्वक जुळणी करून तो साधावा लागतो. लग्नसमारंभाचे चित्रण, लघुपट आणि माहितीपट करणाऱ्यांच्या बोलीत याला 'डेप्थ काढणे' किंवा 'बॅकग्राउंड ब्लर करणे' असे म्हणतात.

सेन्सरचा आकार

व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या सेन्सरचा आकार इंचांत सांगण्याची रूढी फसवी आहे. '१/३ इंची' सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात १/३ इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिमी, नसतो. तो केवळ ६ मिमी असतो. ही मापे व्हिडिकॉन या जुन्या चित्रनलिकेच्या बाहेरील व्यासावरून आली. नलिका गेल्या, सेन्सर आले, पण मापाची भाषा तीच राहिली. १/३ इंची सेन्सर ४.८ मिमी रुंद व ३.६ मिमी उंच असतो, १/२ इंची ६.४ × ४.८ मिमी आणि वृत्तवाहिन्यांच्या खांद्यावरील कॅमेऱ्यांचा २/३ इंची ८.८ × ६.६ मिमी. याउलट ३५ मिमी फिल्मवरील स्थिरचित्राची चौकट ३६ × २४ मिमी असते. १/३ इंची सेन्सरच्या तुलनेत तिचा कर्ण सुमारे सात पटींनी मोठा आहे.

सेन्सर लहान असला की तेवढेच दृश्य चौकटीत बसवण्यासाठी कमी नाभीय अंतराचे भिंग लागते. सेन्सर लहान म्हणून डेप्थ खोल, असे सर्रास सांगितले जाते आणि व्यवहारात ते बहुधा खरेही ठरते. पण कारण थेट सेन्सरमध्ये नसून त्याच्यासाठी वापरल्या जाणाऱ्या छोट्या भिंगात असते. हा भेद शाब्दिक वाटला तरी महत्त्वाचा आहे. सेन्सर बदलणे वापरणाऱ्याच्या हाती नसते, पण भिंगाची झूम, कॅमेऱ्याची जागा आणि पार्श्वभूमीचे अंतर बदलता येते.

तत्त्व

भिंगाचे नाभीय अंतर भागिले त्याच्या छिद्राचा व्यास म्हणजे एफ-अंक. ६ मिमीचे भिंग एफ/२ वर असेल, तर त्याचे छिद्र ३ मिमी व्यासाचे, म्हणजे तुरीच्या दाण्याहूनही लहान असते. ६० मिमीचे भिंग एफ/२ वर असेल, तर छिद्र ३० मिमीचे, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठे असते. एफ-अंक दोन्हीकडे सारखा, छिद्र मात्र दहापट मोठे.

पार्श्वभूमी किती धूसर होईल हे या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर अवलंबून असते. त्याचा एक सोपा हिशेब आहे. मुख्य व्यक्ती उभी असलेल्या ठिकाणी चौकटीची रुंदी किती भरते ते पाहावे. छिद्राचा व्यास त्या रुंदीचा जितकावा भाग, तितक्या रुंदीचा धूसर ठिपका फार दूरच्या दिव्याचा चित्रात उमटतो. चेहरा व खांदे भरतील अशी चौकट सुमारे ४८ सेंमी रुंदीची असते. ३० मिमी छिद्र तिचा सोळावा भाग होते. ३ मिमी छिद्र एकशेसाठावा. डीव्ही फितीवरील चित्राची रुंदी ७२० बिंदूंची असते. त्यात पहिला ठिपका ४५ बिंदूंचा, तर दुसरा साडेचार बिंदूंचा होईल. पहिल्यात मागची माणसे रंगांचे डाग होतात. दुसऱ्यात भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येत नाही, इतकाच फरक पडतो.

मात्र रेखीव पट्ट्याची जाडी या दोन्ही चित्रांत जवळजवळ सारखीच असते. १/३ इंची सेन्सर, एफ/२ आणि वरील चेहऱ्याची चौकट गृहीत धरली, तर ६ मिमीवर कॅमेरा ६० सेंमीवर ठेवावा लागतो आणि पट्टा सुमारे २५ सेंमीचा येतो. ६० मिमीवर कॅमेरा ६ मीटरांवर न्यावा लागतो, आणि पट्टा सुमारे २४ सेंमीचा येतो. येथे सहा हजारांश मिलिमीटरपर्यंतचा धूसरपणा डोळ्यांना रेखीवच वाटतो, असे मानले आहे. म्हणजे झूम केल्याने पट्टा फारसा अरुंद होत नाही. पार्श्वभूमीचा लहानसा तुकडा मोठा होऊन चौकट भरतो आणि त्याबरोबर त्याचा धूसरपणाही मोठा होतो. प्रेक्षकाला डेप्थ म्हणून जे भावते ते बहुतांशी हेच.

व्यक्तीपासून ३ मीटरांवर उभे राहून ६ मिमीच्या भिंगाने चित्रण केल्यास स्थिती अगदी उलटी होते. वरील गृहीतकांनुसार या भिंगाचे हायपरफोकल अंतर नेमके ३ मीटर येते. तेथे फोकस केला, की दीड मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व काही रेखीव दिसते. झूम न वापरता, माणसांपासून तीनचार पावलांवर उभे राहून केलेल्या हँडीकॅमच्या चित्रणात नवरदेव, करवल्या, मागचा पंखा आणि खुर्च्यांची रास एकाच स्पष्टतेने का दिसतात, याचा उलगडा एवढ्यावरून होतो.

पार्श्वभूमीचे अंतर

छिद्र जास्तीत जास्त मोठे केल्यानंतर उरते ते पाठीमागचे अंतर. कॅमेरा व व्यक्ती यांच्यामध्ये जितके अंतर असेल तितकेच अंतर व्यक्तीच्या मागे सोडले, तर त्या जुळणीत शक्य असलेल्या कमाल धूसरपणाच्या निम्मा धूसरपणा मिळतो. तिप्पट सोडले तर पाऊण मिळतो. वरच्या उदाहरणात, कॅमेरा ६ मीटरांवर आणि भिंग ६० मिमीवर असताना, भिंत पाठीमागे १ मीटरवर असेल तर ठिपका साडेसहा बिंदूंचा, ३ मीटरांवर असेल तर १५ बिंदूंचा, ६ मीटरांवर असेल तर साडेबावीस बिंदूंचा आणि १८ मीटरांवर असेल तर सुमारे ३४ बिंदूंचा होतो. पहिल्या काही मीटरांत फार मोठा लाभ होतो, पुढे तो मंदावतो. म्हणून महागड्या भिंगाचा विचार करण्याआधी माणसाला भिंतीपासून चार पावले पुढे आणणे शहाणपणाचे असते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत या हिशेबाला अनुकूल व प्रतिकूल अशा दोन्ही जागा शेजारी शेजारी सापडतात. जुन्या माळवदाच्या घरातील माजघर अरुंद असते आणि व्यक्ती भिंतीला टेकून बसते. तेथे कॅमेरा मागे नेण्यास जागा नसते आणि पार्श्वभूमीलाही नसते. अशा वेळी कॅमेरा अंगणात ठेवून दारातून आत पाहिले, तर दाराची चौकट पुढच्या बाजूस धूसर येते आणि खोलीचा अंधार मागे राहतो. तीच व्यक्ती माळवदावर बसवली, तर तिच्या मागे गावाबाहेरची झाडे वा टेकडी येते आणि पार्श्वभूमी एका झटक्यात शेकडो मीटर दूर जाते. शेतातही पिकानुसार फरक पडतो. सोयाबीन गुडघ्याएवढे असते, त्यामुळे उभ्या माणसाच्या मागे लांबवरचा बांध दिसतो. तूर पुरुषभर वाढली किंवा उसाचा फड लागला, की पिकाची भिंतच पाठीशी उभी राहते. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. दुकानाच्या दर्शनी भागाकडे तोंड करून चित्रण करण्याऐवजी एखाद्या रस्त्याच्या लांबीच्या दिशेने कॅमेरा लावला, तर व्यक्तीमागे बाजाराची सारी खोली मिळते. नांदेडला गोदावरीच्या घाटावरील पायऱ्या पार्श्वभूमीला घेतल्या तर त्या दोनतीन मीटरांवर येतात; नदीकडे पाहून चित्रण केले तर थेट पलीकडचा काठ येतो.

दूर जाण्याचीही मर्यादा आहे. उभ्या माणसाचे पायापासून डोक्यापर्यंतचे चित्र घेण्यास सुमारे २.७ मीटर रुंदीची चौकट लागते. ६० मिमीच्या भिंगाने ती मिळवायची तर कॅमेरा जवळपास ३४ मीटरांवर न्यावा लागतो, आणि ३० मिमी छिद्र त्या रुंदीचा केवळ नव्वदावा भाग ठरते. म्हणजेच लहान सेन्सरवर पूर्ण आकृतीच्या मागे गाढ धूसरपणा जवळजवळ मिळत नाही. तो चेहऱ्याच्या, हातांच्या, वस्तूंच्या जवळच्या चौकटीतच शोधावा. त्यातच एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या जमिनीवरून झळा उठतात, आणि लांबून पूर्ण झूम करून घेतलेले चित्र पाण्यात हलावे तसे हलते. ही अस्पष्टता फोकसची नसते, त्यामुळे फोकस कितीही फिरवला तरी ती जात नाही. अशा चित्रणाला सकाळी नऊच्या आतली वेळ बरी.

झूमच्या टोकाला हाताचा किंचित कंपही चित्रात मोठा होऊन दिसतो. ट्रायपॉडला पर्याय राहत नाही. आणखी एक अडचण नवख्यांच्या लक्षात घरी आल्यावरच येते: कॅमेरा सहा मीटर मागे गेला की त्याच्यावरचा माइकही सहा मीटर मागे जातो. मुलाखत असेल तर कॉलर माइक किंवा वेगळा रेकॉर्डर बोलणाऱ्याजवळच असावा लागतो.

उजेड आणि छिद्र

छिद्र मोठे ठेवायचे म्हणजे सेन्सरवर पुष्कळ प्रकाश येऊ द्यायचा. ऑटो स्थितीतील कॅमेरा उन्हात छिद्र ताबडतोब बारीक करतो आणि सारा प्रयत्न वाया जातो. म्हणून आयरिस मॅन्युअल करणे ही पहिली पायरी होय. त्यानंतर जास्तीचा उजेड अडवण्यासाठी एनडी फिल्टर लागतो. हा राखाडी काचेचा फिल्टर रंग न बदलता प्रकाश घटवतो. व्यावसायिक डीव्ही कॅमेऱ्यांत तो अंगभूत असे. काहींत प्रकाशाचा १/८ व १/६४ भाग आत सोडणारी दोन पाने असत. मराठवाड्यातील भर दुपारच्या उन्हात एफ/२ वर राहण्यासाठी प्रकाश शेकडो पटींनी कमी करावा लागतो, त्यामुळे १/६४ चा फिल्टरही एकटा पुरत नाही. शटरचा वेग वाढवणे हा दुसरा उपाय आहे, पण त्याने हालचाल तुटक दिसू लागते. सेकंदाला २५ चौकटींच्या भारतीय पद्धतीत १/५० सेकंदाचा शटर नैसर्गिक हालचाल देतो. शिवाय येथील विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइटखाली १/५० किंवा १/१०० याखेरीज अन्य वेग ठेवल्यास चित्र लुकलुकते. उन्हात चित्रण करणे टाळता येत नसेल, तर व्यक्तीला लिंबाच्या वा मांडवाच्या सावलीत घेणे हा सर्वांत स्वस्त एनडी फिल्टर म्हणता येईल.

छिद्र बारीक केल्याचा आणखी एक तोटा लहान सेन्सरवर लवकर जाणवतो. एफ/८ च्या पुढे प्रकाशाच्या विवर्तनामुळे सबंध चित्रच मऊ पडू लागते.

झूम भिंगांची एक खोड लक्षात ठेवावी लागते. अनेक हँडीकॅमच्या भिंगांचे कमाल छिद्र रुंद टोकाला एफ/१.६ असले, तरी झूमच्या टोकाला ते एफ/२.८ किंवा त्याहून बारीक होते. तरीही हिशेब झूमच्याच बाजूने लागतो. ६० मिमी भागिले २.८ म्हणजे सुमारे २१ मिमीचे छिद्र. ६ मिमी भागिले १.६ म्हणजे जेमतेम ४ मिमीचे.

पार्श्वभूमीतील दिव्यांच्या माळा धूसर झाल्या, की त्यांचे ठिपके छिद्राचा आकार घेतात. साध्या हँडीकॅमच्या आयरिसला दोनच पाती असल्याने अर्धवट मिटलेले छिद्र शंकरपाळ्यासारखे होते आणि रोषणाईही शंकरपाळ्यांचीच दिसते. पूर्ण उघड्या छिद्रावर ठिपके गोल येतात.

लग्नाच्या चित्रणात

मराठवाड्यात व्हिडिओ कॅमेरा घरोघरी ओळखीचा झाला तो लग्नामुळे. या क्षेत्रातील अनेकांचे शिक्षण प्रत्यक्ष कामावर, उस्तादाच्या हाताखाली होते. पद्धतशीर शिक्षणाची सोयही आहे: १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, ज्याच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात, माध्यमशास्त्राचे संकुल आहे.

मंगल कार्यालयातील व्यासपीठ हे उथळ डेप्थसाठी सर्वांत गैरसोयीचे ठिकाण होय. वधूवरांची कोचावरची जागा आणि फुलांचा पडदा यांत हातभर अंतर असते; समोरून कितीही झूम केले तरी पडद्यातील प्रत्येक प्लॅस्टिकचे फूल मोजता येते. कॅमेरा व्यासपीठाच्या टोकाला नेऊन तिरका लावल्यास पार्श्वभूमीला पडद्याऐवजी सभागृहाची लांबी येते. हळदीच्या वेळी हातांवर, मेंदीवर किंवा कलशावर जवळून चित्रण केल्यास डेप्थ सहज उथळ होते, कारण चौकट लहान असते.

अंतरपाटाच्या वेळी मात्र या तंत्राचा मोह आवरावा लागतो. वर आणि वधू यांमध्ये दोन हातांचे अंतर असते. कॅमेरा बाजूने, दोघांपासून सारख्या अंतरावर असेल, तर दोघेही पट्ट्यात बसतात. तो एकाच्या खांद्यामागे असेल, तर २५ सेंमीचा पट्टा एकाच चेहऱ्याला पुरतो. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो त्या दोनतीन सेकंदांत अक्षता उडतात, माणसे मध्ये येतात, आणि ऑटो फोकस अक्षतांवर, कोणाच्या फेट्यावर, मग पुन्हा मागच्या भिंतीवर भटकतो. हा क्षण पुन्हा घेता येत नाही. अनुभवी चित्रणकार अशा वेळी फोकस आधीच मॅन्युअलवर बांधून ठेवतात आणि झूम कमी करतात. पार्श्वभूमी स्पष्ट राहिली तरी चालते, चेहरे गमावून चालत नाही.

या संदर्भात एक प्रश्न तंत्राच्या पलीकडचा आहे. लग्नाची चित्रफीत ही कुटुंबाची नोंदही असते. ती वीस वर्षांनी पाहिली जाते तेव्हा नवरानवरीइतकेच लक्ष मागे बसलेल्यांकडे जाते: कोपऱ्यात लुगड्याचा पदर सावरणारी आजी, पंक्तीत वाढणारा मामा, दाराशी उभा असलेला सालगडी. यांतील अनेकांचे दुसरे चलत्चित्र कोठेच नसते. जुन्या व्हीएचएस आणि डीव्ही फितींची खोल डेप्थ त्या काळी साधनाची उणीव समजली गेली, पण तिच्यामुळेच हे चेहरे ओळखू येतील असे राहिले. संपूर्ण समारंभ उथळ डेप्थमध्ये चित्रित करण्याची आजची फॅशन या दृष्टीने तोट्याची आहे. निदान पाहुण्यांची आगमने, पंगत आणि पाठवणी खोल डेप्थमध्ये घ्यावीत.

वार्तांकनातही हाच न्याय लागू पडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपासारख्या आपत्तीत बोलणाऱ्याच्या पाठीमागचे पडलेले घर हाच पुरावा असतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईचे चित्रण करताना घागरींची रांग कोठवर गेली आहे हे दिसलेच पाहिजे. ती रांग धूसर केली, तर चित्र देखणे होईल पण बातमी हरवेल.

चित्रपटकलेच्या इतिहासातही खोल डेप्थला मानाचे स्थान आहे. 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटासाठी छायाचित्रणकार ग्रेग टोलंड यांनी रुंद भिंगे, बारीक छिद्र आणि प्रचंड उजेड वापरून जवळचा चेहरा व दूरचे दार एकाच वेळी रेखीव ठेवले. त्यांनी सायासाने मिळवलेली ही गोष्ट हँडीकॅम फुकटात देतो. 'ब्लर म्हणजे सिनेमा' हे समीकरण त्यामुळे तितकेसे खरे नाही.

मालेगावचे उदाहरण

महाराष्ट्रात लहान व्हिडिओ कॅमेऱ्याने कथाचित्रपट करण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे आहे. (खंडोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यातील माळेगाव वेगळे.) यंत्रमागांच्या या शहरात नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' हे विडंबन व्हिडिओवर केले आणि तेथे स्थानिक चित्रपटांची परंपराच सुरू झाली. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटात 'सुपरमॅन'च्या विडंबनाचे चित्रण दिसते: बैलगाडीची क्रेन केलेली, उडणाऱ्या नायकामागे हिरवे कापड लावलेले, आणि मध्येच पाण्यात पडलेला कॅमेरा. या प्रयत्नांवर आधारित रीमा कागती दिग्दर्शित 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

हिरव्या कापडाचे तंत्र, म्हणजे क्रोमा, येथे उदाहरण म्हणून उपयोगी आहे. त्यात संगणक हिरवा रंग काढून त्या जागी दुसरे दृश्य बसवतो. त्यासाठी नायकाच्या कडा रेखीव असाव्या लागतात. केस वा हात धूसर झाले, की त्यांत हिरवा रंग मिसळतो आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. लहान सेन्सरची खोल डेप्थ या कामी सोयीची पडते. पाठीमागे जे दृश्य बसवायचे ते मात्र संगणकावर थोडे धूसर केले, तर नायक त्याच्यापासून वेगळा उठून दिसतो. उथळ डेप्थचा आभास निर्माण करण्याची ही कमी खर्चाची पद्धत होय.

अडॅप्टर आणि डीएसएलआर

२००० नंतरच्या दशकात लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांना मोठ्या फिल्मची डेप्थ देण्यासाठी एक चतुर जोडणी प्रचलित झाली. जर्मनीतील पी अँड एस टेक्निक या कंपनीचा 'मिनी ३५' अडॅप्टर हा तिचा प्रसिद्ध नमुना. त्यात स्थिर कॅमेऱ्याचे ३५ मिमीचे भिंग आपली प्रतिमा एका दुधी काचेवर पाडते, आणि व्हिडिओ कॅमेरा त्या काचेवरचे चित्र जवळून टिपतो. काचेवरील प्रतिमा मोठ्या चौकटीची असल्याने तिची डेप्थही मोठ्या चौकटीची येते. काचेचा रवा चित्रात दिसू नये म्हणून ती सतत फिरवली वा कंपित केली जाते. पुढे रेडरॉक मायक्रो, लेटस यांसारखे स्वस्त पर्याय आले, आणि हौशी लोकांनी काच घासून, छोटी मोटर बसवून घरगुती अडॅप्टरही बनवले. या जोडणीचे तोटे ठळक होते: बराच प्रकाश काचेतच जिरे, कॅमेरा हातभर लांब व जड होई, प्रतिमा उलटी येई आणि धुळीचा एक कणही चित्रात डाग म्हणून दिसे. मांडवातील उजेडात ती जवळपास निरुपयोगी होती.

२००८ मध्ये व्हिडिओ टिपणारा पहिला डीएसएलआर निकॉन डी९० आणि त्यापाठोपाठ ३६ × २४ मिमी सेन्सरचा कॅनन ५डी मार्क २ आला, तेव्हा अडॅप्टरची गरज संपली. ५डी मार्क २ वर सुरुवातीला सेकंदाला ३० चौकटीच टिपता येत. भारतीय पद्धतीच्या २५ चौकटींची सोय मार्च २०१० मधील फर्मवेअरने झाली. लग्नाच्या व्यवसायातही हळूहळू डीएसएलआर रुळला. त्याबरोबर प्रश्न उलटा झाला. ८५ मिमी एफ/१.४ सारख्या भिंगाचे छिद्र ६० मिमीचे असते. चेहऱ्याच्या चौकटीत पट्टा इतका अरुंद होतो, की नाक स्पष्ट आणि कान धूसर. चालत्या माणसावर असा फोकस टिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि चित्रपटसृष्टीत त्यासाठी फोकस पुलर हा वेगळा तंत्रज्ञ असतो. लग्नात तो नसतो.

मोबाइल आणि संगणकीय धूसरता

मोबाइलच्या मुख्य भिंगाचे छिद्र साधारण ३ ते ५ मिमी व्यासाचे असते. एफ/१.८ हा आकडा जाहिरातीत मोठा वाटला, तरी चेहऱ्याच्या चौकटीत या छिद्राचा लाभ रुंद टोकाच्या हँडीकॅमपेक्षा फारसा अधिक नाही. मोबाइलमधील वेगळ्या टेलिफोटो भिंगाचे छिद्रही बहुधा याच आसपास राहते. खरी डेप्थ हवी असल्यास फूल, दागिना, जात्यावरचा हात अशा छोट्या वस्तूंच्या अगदी जवळ जाणे हाच मार्ग उरतो. चौकट दहा सेंमीची झाली, की ४ मिमी छिद्रही तिचा पंचविसावा भाग होते.

एरवी मोबाइलमध्ये दिसणारी धूसर पार्श्वभूमी संगणकीय असते. कॅमेऱ्याच्या माहितीवरून प्रत्येक बिंदूचे अंतर अजमावले जाते आणि दूरचे बिंदू गणिताने धूसर केले जातात. ॲपलने २०२१ मध्ये आयफोन १३ सोबत ही सोय 'सिनेमॅटिक मोड' या नावाने व्हिडिओसाठी आणली; तीत फोकस कोणावर असावा हे चित्रणानंतरही बदलता येते. ही पद्धत स्वच्छ कडांवर चांगली चालते. बारीक, झिरझिरीत किंवा हलत्या वस्तूंवर ती चुकते. मुंडावळ्यांचे मोत्यांचे सर, गजऱ्यातून निसटलेल्या बटा आणि चष्म्याच्या काड्या पार्श्वभूमीचा भाग समजून पुसल्या जातात, आणि हात कमरेवर ठेवलेला असल्यास कोपराच्या आतल्या त्रिकोणातील पार्श्वभूमी तशीच रेखीव राहते.